दुसऱ्या खेपेला

हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या चार बोटं खाली, एक बारीक सुई कातडीच्या अगदी वरच्या थरात तिरकी शिरते आणि तिथे एक पांढुरका फुगवटा येतो. अर्ध्या-पाऊण तासात तो जिरतो. मागे उरतं ते पेनाने काढलेलं गोल रिंगण. क्षयाची मॉन्टू टेस्ट ती हीच. एका तपासणीचा भाग म्हणून मला ती करावी लागली होती. तंत्रज्ञ बाईंनी रिंगण काढलं आणि बजावलं, "खाजवू नका हं, आणि परवा दाखवायला या."

पहिला दिवस कोरडाच गेला. दुसऱ्या दिवशी थोडी लाली, थोडी खाज. परवा डॉक्टरांसमोर हात धरला तेव्हा त्यांनी लालीकडे लक्षही दिलं नाही. बोटाचं टोक हलक्या हाताने फिरवत त्यांनी कडकपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते शोधलं, दोन्हीकडे पेनाने रेघ मारली आणि मधे पट्टी धरली. 12 मिलिमीटर. "पॉझिटिव्ह आहे. पण म्हणजे आजार आहे असं नाही," ते म्हणाले. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. लहानपणीची क्षयाची बीसीजी लस असेल, नाहीतर कधीतरी नकळत क्षयाच्या जिवाणूशी गाठ पडून गेली असेल.

माझं डोकं अडकलं ते त्या दोन दिवसांपाशी. सुईतून जे गेलं त्यात जिवंत जंतू नव्हताच, होती फक्त त्याची थोडी गाळीव प्रथिनं. ती शरीराने ओळखली हे तर खरं. मग ओळखायला दोन दिवस का? एखाद्याला शेंगदाण्याची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असते तेव्हा काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात. ते काम शरीरात आधीच तयार असलेल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटीबॉडीजचं. माझ्या हातावरच्या गाठीला उशीर लागला कारण तिथे पेशी चालत आल्या होत्या. आधी त्या जंतूच्या ओळखीच्या मोजक्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार; मग त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून जमा झालेल्या असंख्य इतर पेशी. बोटाला लागतो तो कडकपणा या गर्दीचा. एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या टी पेशींना स्मृती टी पेशी म्हणतात. त्यांचं काम बोटाने चाचपून बघता येतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला तो जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने, 1891 मध्ये, गिनीपिगवर. निरोगी गिनीपिगला क्षयाचे जिवाणू टोचले की सुईची जखम आधी बुजते, मग दहा-बारा दिवसांनी तिथे गाठ येते, ती फुटते आणि प्राणी मरेपर्यंत उघडीच राहते. पण ज्याला आधीच क्षय झालाय अशा गिनीपिगला पुन्हा टोचलं, तर एक-दोन दिवसांतच ती जागा कडक होते, काळवंडते, वरची कातडी गळून पडते आणि जखम भरून येते. तोच जंतू, प्राण्याची जातही तीच, पण दुसऱ्या खेपेला सगळा घटनाक्रमच वेगळा. कॉखने यातून क्षयावर औषध निघेल अशी जबर आशा धरली, त्याचं ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जिवाणूंपासून काढलेला द्रव, 1890 सालीच गाजलं होतं, आणि ते औषध म्हणून साफ फसलं. निदानासाठी मात्र आजही त्याच घराण्यातला द्रव वापरतात.

त्या गिनीपिगच्या अंगात बदललं काय होतं, हे कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. तेव्हा सगळ्यांचं लक्ष रक्तातल्या द्रवावर होतं. संरक्षण असेल तर ते रक्तद्रवात असणार, कारण घटसर्पावर आणि धनुर्वातावर एका प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्याला देऊन गुण येत होता. 1942 मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी त्वचेची ही उशिरा येणारी प्रतिक्रिया एका गिनीपिगकडून दुसऱ्याकडे नेऊन दाखवली, तीही रक्तद्रवाने नाही, तर जिवंत पांढऱ्या पेशींनी. चेसने 1945 मध्ये ट्युबरक्युलिनच्या बाबतीतही तेच दाखवलं. या पेशी नेमक्या कुठल्या, हे मात्र 1961 मध्ये जाक मिलरने नवजात उंदरांच्या छातीतली थायमस ग्रंथी काढून पाहिली तेव्हा उलगडायला लागलं. तोवर ती ग्रंथी बिनकामाची, उत्क्रांतीची अडगळ समजली जायची. या पेशी तिथेच घडतात; टी पेशीतला 'टी' हा थायमसचाच.

निसर्गानेही एक प्रयोग करून ठेवला होताच. जन्मतः प्रतिपिंडं तयारच न करू शकणारी काही मुलं असतात. त्यांना कानाचे, फुप्फुसाचे जिवाणूंचे आजार पुन्हा पुन्हा होतात. पण गोवर झाला तर तो त्यांच्यात बहुधा इतर मुलांसारखाच येतो, इतरांसारखाच जातो आणि सहसा परत येत नाही. रक्तात प्रतिपिंडं जवळपास नसताना.

आता पहिल्या खेपेला काय होतं ते पाहू, कारण दुसरी त्याशिवाय कळत नाही. टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक, म्हणजे जंतूचा तुकडा पकडणारा रेणू (रिसेप्टर) असतो, आणि त्याचा आकार जन्मतानाच यदृच्छेने ठरतो. जंतू बघून पेशी आपला आकार बदलत नाही. कोट्यवधी पेशी कोट्यवधी आकार घेऊन फिरत असतात, त्यातल्या काहींना कधी काम लागतं, बहुतेकींना कधीच लागत नाही. उंदरात मोजून पाहिलंय: एखाद्या विषाणूच्या एका ठरावीक तुकड्याशी जुळणाऱ्या कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्याच जंतूशी गाठ न पडलेल्या टी पेशी अख्ख्या शरीरात शे-दोनशे असतात. तो तुकडा आणि ती पेशी यांची गाठ लसिका ग्रंथीत पडते, म्हणजे काखेत, जांघेत, मानेत जिथे आपल्याला अवधाण येतं तिथे. गाठ पडायलाच वेळ जातो. मग पेशी फुगते आणि विभागायला लागते, ऐन भरात दर चार-सहा तासांनी एकदा. आठवडाभरात त्या शे-दोनशेंच्या एक कोटीच्या आसपास झालेल्या असतात. आपण अंथरुणावर असतो ते याच आठवड्यात.

विषाणू हटला की यांतल्या 90 ते 95 टक्के पेशी मरतात. ठरवून, शिस्तीत, आतल्या आत. त्या तशाच राहिल्या तर प्रत्येक सर्दीगणिक शरीर पेशींनी तुंबेल, हा हिशेब समजतो. तरीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार उधळेपणाचं वाटलं होतं. उरतात त्या पाच-दहा टक्के, शेतकरी पीक हातात आल्यावर बियाण्यापुरतं राखून ठेवतो तेवढ्या. पण सुरुवातीच्या शे-दोनशेंच्या मानाने ते पाच-दहा टक्केही हजारो पटींनी जास्त असतात. टी पेशींच्या स्मृतीचा पहिला भाग हा असा निव्वळ संख्येचा आहे. कुठे चित्र साठवलेलं नाही, खूण लिहून ठेवलेली नाही. जुळणारा आकार तर आधीपासूनच होता, फक्त आता तो पुष्कळ जणींकडे आहे.

दुसरा भाग मला जास्त मोहात पाडतो. 2017 मध्ये रामा अकोंडी, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी पीतज्वराची लस घेतलेल्या माणसांवर केलेला एक अभ्यास 'नेचर'मध्ये आला. ही लस म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला विषाणू. त्यामुळे ती घेणं हा जवळजवळ खरा संसर्गच. या लोकांना जड पाणी प्यायला दिलं होतं, म्हणजे ज्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं ते. त्या दिवसांत जी पेशी विभागेल तिच्या डीएनएमध्ये ड्युटेरियम बसतं, आणि पुढे पेशी विभागत गेली की ते पातळ होत जातं. नंतर त्यांच्या रक्तातून स्मृती पेशी वेगळ्या काढून ड्युटेरियम किती उरलंय ते मोजलं. निघालं ते असं: उरलेल्या पेशी म्हणजे लढाईच्या वेळी बाजूला बसलेल्या कुणी राखीव पेशी नव्हत्या. पहिल्या दोन आठवड्यांत भरमसाट विभागलेल्यांमधल्याच त्या होत्या. आणि तेव्हापासून त्या वर्षातून एकदाही धड विभागत नव्हत्या.

याहून विलक्षण गोष्ट त्यांच्या केंद्रकात दिसली. बाहेरून या पेशी जवळपास कोऱ्या पेशींसारख्या दिसतात. मारण्याची हत्यारं तयार होत नाहीत, धावपळ नाही. पण हत्यारांची जनुकं ज्या डीएनएवर असतात तो भाग घट्ट गुंडाळलेला नसतो, उघडा असतो. कोऱ्या पेशीत तो बंद असतो आणि उघडायला दिवस लागतात. स्मृती पेशीत ते काम एकदा झालेलं आहे आणि पुन्हा मिटवलेलं नाही. म्हणूनच तोच तुकडा पुन्हा समोर आला की इंटरफेरॉन गॅमासारखं रसायन काही तासांत बाहेर पडतं.

तिसरा भाग जागेचा. फेडेरिका सालुस्तो आणि अँतोनिओ लांझाव्हेक्किया यांनी 1999 मध्ये दाखवलं की रक्तातल्या स्मृती टी पेशी एकसारख्या नसतात. काहींवर लसिका ग्रंथीत शिरण्याचा परवाना असतो. त्या तिथे ये-जा करतात आणि वेळ आली की झपाट्याने संख्या वाढवतात. काहींकडे तो नसतो. त्या शरीराच्या कडेकडेने फिरतात आणि लगेच कामाला लागतात. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आणखी एक जात स्पष्ट झाली: फिरायचं सोडून दिलेली. ज्या कातडीत, आतड्यात, फुप्फुसात पूर्वी संसर्ग झाला होता तिथेच ठाण मांडून बसणारी, रक्तात परत न येणारी. तिला निवासी स्मृती पेशी म्हणतात. पूर्वी नागीणसदृश विषाणूने पछाडलेल्या कातडीच्या तुकड्यात ती दाटीने सापडते, शेजारच्या कातडीत विरळ. विषाणू त्याच जागी पुन्हा आला की ही पेशी काही तासांत आसपासच्या सगळ्या पेशींना विषाणूविरोधी तयारीत आणते, संसर्ग न झालेल्यांनाही, आणि रक्तातून कुमक बोलावते. मूठभर पेशींच्या इशाऱ्यावर अख्खं ऊतक बदलतं.

इथे आपल्या नेहमीच्या तक्रारीकडे वळायला हवं. "पुन्हा झालाच की! मग लस घेऊन काय उपयोग?" किंवा "एकदा होऊन गेला होता, तरी झाला." ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि शिकल्यासवरल्या लोकांकडून, की आता मला ती थोडी बोचते. यामागे एक समजूत आहे: आठवण असेल तर जंतू आत शिरणारच नाही. प्रतिपिंडांपुरतं ते काही अंशी खरं आहे. ती मोकळ्या विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच चिकटू शकतात. टी पेशीला मोकळा विषाणू दिसतच नाही. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डॉहर्टी यांनी 1974 मध्ये कॅनबेरात हे दाखवलं आणि 1996 चं नोबेल त्यासाठी मिळालं: टी पेशी ओळखते ती आपल्याच पेशीने, आपल्याच ठेवणीच्या रेणूत धरून बाहेर दाखवलेला विषाणूचा तुकडा. मारेकरी, म्हणजे बाधित पेशींना ठार करणाऱ्या टी पेशींच्या बाबतीत तो तुकडा जेमतेम आठ-दहा अमिनो आम्लांचा. म्हणजे कुणीतरी आपली पेशी आधी बाधित व्हावीच लागते. त्याआधी टी पेशीला करण्यासारखं काही नाही. तिची सगळी करामत त्यानंतरची: बाधा किती पेशींपर्यंत पोचते, किती दिवस टिकते, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते की नाकातच आटोपते.

ऑक्सफर्डच्या अँड्र्यू मॅकमायकल यांच्या गटाने 1983 मध्ये स्वयंसेवकांच्या नाकात फ्लूचा विषाणू सोडून हे थेट पाहिलं. ज्यांच्या अंगात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं नव्हती पण मारेकरी टी पेशी होत्या, त्यांना संसर्ग झाला. पण विषाणू त्यांच्यातून लवकर निघून गेला. यातली मेख अशी की फ्लू दरवर्षी आपला बाहेरचा पृष्ठभाग बदलतो, प्रतिपिंडं तिथेच चिकटत असल्याने चुकतात. टी पेशींना मात्र आतल्या प्रथिनांचे तुकडेही दिसतात, आणि ती फारशी बदलत नाहीत. कोरोनाच्या ओमायक्रॉन या रूपाच्या वेळी हेच घडलं. प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणात निष्प्रभ झाली, लोक पुन्हा पॉझिटिव्ह आले, पण टी पेशींची बहुतांश ओळख शाबूत राहिली. 2003 मध्ये सार्स, म्हणजे कोरोनाच्याच घराण्यातल्या एका विषाणूचा आजार, होऊन गेलेल्या सिंगापूरच्या 23 जणांच्या रक्तात 17 वर्षांनीही त्या विषाणूच्या स्मृती टी पेशी सापडल्या, आणि त्या नव्या कोरोनाच्या प्रथिनालाही ओळखत होत्या. प्रतिपिंडं तर बहुतेकांची दोन-तीन वर्षांतच घसरली होती.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा झालं तर? उंदरांत हे टप्प्याटप्प्याने पाहिलं गेलंय. प्रत्येक खेपेनंतर उरणाऱ्या पेशी मागच्या खेपेसारख्या नसतात. त्या जास्त करून शरीराच्या कडांना राहतात, लसिका ग्रंथीकडे परतायला जास्त वेळ घेतात, त्यांच्या जनुकांचं चालू-बंद दर खेपेला थोडं सरकतं. सतत वापरून त्या झिजतात का, हा साहजिक प्रश्न. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड मॅसोपस्ट यांच्या प्रयोगशाळेत याचा पिच्छा पुरवला गेला. उंदराच्या टी पेशींना लस देऊन उद्दीपित करायचं, थोडा विसावा द्यायचा, त्या काढून नव्या उंदरात सोडायच्या, पुन्हा लस. 51 वेळा, 10 वर्षं. उंदीर स्वतः दोन-तीन वर्षं जगतो; त्याच्या पेशी त्याच्या कित्येक पिढ्यांना पुरून उरल्या आणि कामही करत राहिल्या.

याच्या अगदी उलट चित्र विषाणू हटतच नाही तेव्हा दिसतं. जुनाट संसर्गात टी पेशीला तोच तुकडा रात्रंदिवस दिसत राहतो आणि ती हळूहळू मंदावते, पीडी-1 नावाचा ब्रेक अंगावर बसवून घेते, मारेनाशी होते. म्हणजे थकवतात त्या खेपा नव्हेत, थकवते ती मधली उसंत नसणं. (कर्करोगावरची काही नवी औषधं हा ब्रेकच सोडवतात, पण ती गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे.)

जाता जाता उंदरांबद्दल एक कुरकूर. वरचं बरंचसं ज्ञान ज्या उंदरांवरून आलं ते कमालीच्या निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढतात. 2016 मध्ये याच मिनेसोटाच्या गटाने त्यांना दुकानात विकायच्या साध्या उंदरांच्या सोबत ठेवलं. सोबतीने आलेले संसर्ग पचवून जे जगले, त्यांची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसासारखी दिसायला लागली. त्याआधी ती दिसायची नवजात बाळासारखी. म्हणजे प्रौढ माणसाची प्रतिकारशक्ती हा बऱ्याच अंशी होऊन गेलेल्या दुखण्यांचा साठा आहे.

हा साठा लुटलाही जातो. क्लेमेन्स फॉन पिर्केने 1908 मध्ये नोंदवलं होतं की ट्युबरक्युलिनला प्रतिक्रिया देणाऱ्या मुलांना गोवर झाला की त्या दिवसांत प्रतिक्रिया येईनाशी होते. कारण पुढे कळलं. गोवराचा विषाणू ज्या रेणूला धरून पेशीत शिरतो तो स्मृती पेशींवर भरपूर असतो. विषाणू थेट आठवणीतच घुसतो आणि अशा पेशींचा मोठा हिस्सा नष्ट होतो. गोवर बरा होतो, त्याची स्वतःची स्मृती पक्की बसते, आणि इतर आजारांची पुसट होते. 2019 मध्ये लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं गोवराआधी आणि नंतर तपासली, तेव्हा आधीच्या विविधतेपैकी 11 ते 73 टक्के गायब होती. गोवर म्हणजे चार दिवसांचं पुरळ, असं म्हणणाऱ्यांना मी हे आकडे सांगते आणि वाद घालत नाही.

आणि साठा वयाबरोबर आटतोही. माझी मावशी सत्तरीची आहे. तिच्या डॉक्टरांनी नागिणीची लस घ्यायला सांगितली तेव्हा ती माझ्यावरच उखडली, जणू ती कल्पना माझीच होती.

"अगं, मला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात. मग कशाला?"

"मावशी, होऊन गेल्यात म्हणूनच."

तिला ते चमत्कारिक वाटलं, आणि आहेच. कांजिण्यांचा विषाणू जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो जन्मभर पडून असतो. त्याला तिथे दाबून ठेवायचं काम मुख्यतः टी पेशींचं. साठीनंतर त्याच्या प्रतिपिंडांची पातळी जवळपास तशीच राहते, पण त्याला ओळखणाऱ्या टी पेशी रोडावतात, आणि नागीण निघण्याचं प्रमाण याच उतरंडीने वाढत जातं. रक्तातली प्रतिपिंडं तपासली असती तर मावशीचा रिपोर्ट उत्तम आला असता आणि त्यातून काहीच कळलं नसतं. हल्लीच्या लशीत विषाणूचं एकच प्रथिन असतं आणि त्याच्या जोडीला प्रतिकारशक्तीला हटकून जागं करणारं मिश्रण. दोन डोस.

हे सगळं मी तिला सांगितलं, बरंचसं वरच्याच क्रमाने, त्यामुळे तिचा चहा गार झाला.

"म्हणजे त्यांची संख्या कमी झालीय, ती वाढवायची."

"हो."

"मग एकदम दोन्ही देऊन टाका म्हणावं. पुन्हा कोण जाणार?"

"मधे दोन महिने तरी जावे लागतात. त्यांना विसावा लागतो."

"दुसऱ्या वेळी हात जास्त दुखतो म्हणे."

"दुखेल. तेव्हा ओळखणाऱ्या जास्त असतील ना."

तिने कॅलेंडर काढून तारीख मोजायला घेतली.